गिरिजाकाकूंची सही

आमच्या घरात लिहिण्याइतकं इंग्रजी येणारी मी एकटी. बाबांना वाचता यायचं. मशीनवरच्या पाट्या, नटबोल्टच्या खोक्यांवरची अक्षरं, रेल्वेचे फॉर्म. पण लिहायची वेळ आली की ते पेन माझ्यापुढे सरकवायचे. आई अमरावतीला सातवीपर्यंत शिकलेली. ती इंग्रजीला 'वृंदाचं' म्हणायची. "ते वृंदाचं काहीतरी आलंय बघा पोस्टाने," असं ती बाबांना सांगायची, म्हणजे प्रॉव्हिडंट फंडाचा कागद आलेला असायचा. दहावी झाल्यापासून बाबांचे रजेचे अर्ज मी लिहीत होते, आणि हळूहळू गल्लीतल्या चार-पाच घरांचेही. अर्जाचे पैसे कुणी देत नसे आणि आईने घेऊही दिले नसते, पण कधी वाटीभर सांडगे यायचे, कधी गुळाचा खडा, कधी नुसतंच "बहुत होशियार है आपकी बिटिया." ते ऐकून आई आत जाऊन उगाच भांडी हलवत राहायची. कौतुक ऐकताना तिला तोंड लपवायला काहीतरी लागायचं.

घर भोपाळला, अशोका गार्डनमध्ये, भाड्याच्या दोन खोल्या. मागच्या दाराबाहेर जेमतेम कपडे वाळत घालण्यापुरती जागा, मग भिंत, आणि भिंतीपलीकडे रेल्वेलाइन. मालगाडी निघाली की फडताळातली स्टीलची ताटं एकमेकांना लागून किणकिणायची. आई बोलता बोलता हात वर करून ताटांवर ठेवायची, गाडी जाईपर्यंत तो तिथेच असायचा, आणि बोलणं मात्र थांबायचं नाही. पुढे मी मुंबईत समुद्राकडे तोंड असलेल्या घरात राहिले. त्या शांततेत मला पहिली कित्येक वर्षं झोप लागत नसे.

लाइनीपलीकडे कारखाना होता. त्याचं नाव मी लिहीत नाही. तो आता नाही, मालक गेले, जागेवर गोदामं उभी आहेत. जाड पोलादी पत्रे कापून, वाकवून त्याच्या टाक्या तिथे बनायच्या. बाबा फोरमन होते. कारखान्याचा भोंगा दिवसातून तीनदा व्हायचा आणि आमचं घर घड्याळापेक्षा त्याच्यावर चालायचं. पहिल्या भोंग्याला बाबांचा डबा तयार, दुसऱ्याला आईचं जेवण, तिसऱ्याला चहाचं आधण. इथे एक सांगून टाकते. भोपाळ आणि कारखाना हे दोन शब्द जवळ आले की ऐकणाऱ्याला एकच रात्र आठवते, आणि ते बरोबरच आहे. मी त्या रात्रीबद्दल लिहीत नाही. मी एका माणसाच्या मरणाबद्दल लिहिते आहे. तो भर दुपारी गेला आणि त्याची बातमी कुठेही छापून आली नाही.

त्यांचं नाव सुखदेव. मुलताईकडच्या एका खेड्यातले. बाबा आणि ते एकाच महिन्यात कारखान्यात लागले. बाबा पुढे फोरमन झाले, सुखदेवकाका त्यांच्या हाताखाली राहिले, पण दर रविवारी ते आमच्याकडे येतच. बाबा सकाळी कोपऱ्यावरून पोहे-जिलबी आणायचे. काका पिशवीत गावाकडून आलेलं काहीतरी आणायचे, आंबाडीची जुडी, तुरीच्या शेंगा, कधी नुसती कोथिंबीर. आई त्यांना दुपारी जेवायलाच ठेवून घ्यायची. पाटवडीचा रस्सा असला की काका भाकरीवर भाकरी खायचे आणि म्हणायचे, "वहिनी, आमच्या गिरिजेला एकदा शिकवा हे. ती रस्सा करते, पाणी वेगळं अन् तिखट वेगळं." गिरिजा म्हणजे त्यांची बायको, माझ्या गिरिजाकाकू. त्या दोन गल्ल्या सोडून राहायच्या आणि रस्सा उत्तम करायच्या. मला सायकल शिकवली ती काकांनी. मागून धरलंय असं सांगून त्यांनी कधीच सोडून दिलं नाही. मी ओरडून "सोडा आता" म्हणेपर्यंत ते धापा टाकत मागे धावत राहायचे. जाताना मला विचारायचे, "आज कोणता शब्द?" मी एक इंग्रजी शब्द सांगायचे, तो तोंडात घोळवत ते घरी न्यायचे, मंगलासाठी. मंगला त्यांची मुलगी, तेव्हा हिंदी शाळेत नववीला.

ती घटना झाली तो बुधवार होता. तिसरा भोंगा वेळेवर झाला, आईने आधण ठेवलं, बाबा आले नाहीत. आधण आटलं, तिने पुन्हा पाणी घातलं. अंधार पडायच्या सुमारास बाबा आले ते चपला न काढता आत येऊन पलंगावर बसले. "सुखदेव गेला," म्हणाले. "क्रेनवरून पत्रा सुटला." आईने गॅस बंद केला आणि डोक्यावरून पदर घेऊन तशीच गिरिजाकाकूंकडे निघाली. मी बाबांना पाणी दिलं. त्यांनी पेला हातात धरून ठेवला, प्यायले नाहीत.

पुढचे दिवस गिरिजाकाकूंची चूल बंद होती आणि आई दोन्ही वेळचं तिकडे नेत होती. पिठलं, भात, कधी खिचडी. रविवारी पोहे-जिलबी आली नाही. बाबांनी दुपारी कोऱ्या कागदांची चवड माझ्यापुढे ठेवली. फोरमन म्हणून घटनेचा अहवाल त्यांना द्यायचा होता, इंग्रजीत.

"जे झालं तेच लिही," बाबा म्हणाले, आणि सांगू लागले. क्रेनच्या हुकाच्या तोंडाला एक छोटी पट्टी असते, साखळी निसटू नये म्हणून. ती पट्टी पंधरा दिवसांपूर्वी तुटली होती. बाबांनी मॅनेजरसाहेबांना दोनदा सांगितलं होतं. साहेब म्हणाले होते, महिनाअखेरचा माल जाऊ द्या, मग बघू. बाबांनी ते रजिस्टरमध्ये लिहायला हवं होतं; लिहिलं नव्हतं. काम चालू ठेवलं होतं, माणसांना जरा सांभाळून करा म्हणाले होते. बुधवारी पत्रा वर असताना साखळी निसटली. काका खाली होते, कारण खाली उभं राहून दिशा दिल्याशिवाय तिथे पत्रा उतरवताच येत नसे. रोज कुणी ना कुणी उभं राहायचंच.

"लगेच गेले का?" मी विचारलं.

बाबांनी मान हलवली. "नाही. वीसेक मिनिटं होता. कारखान्याची गाडी स्टेशनवर गेली होती, साहेबांचे पाहुणे आणायला. ती येईपर्यंत होता." आणखी काही विचारू नये असा त्यांचा चेहरा झाला, म्हणून मी विचारलं नाही.

मी एक पान लिहिलं. जसं त्यांनी सांगितलं तसं. सोमवारी ते घेऊन गेले आणि संध्याकाळी तेच पान चार घड्या घालून परत आणलं.

"साहेब काय म्हणाले?"

"म्हणाले, इस काग़ज़ पर पहले आप जेल जाओगे, फिर मैं. रजिस्टर में तो कुछ लिखा नहीं है आपने." मागे गाडी गेली. आई घरी नव्हती, ताटं वाजत राहिली. मग बाबा माझ्याकडे न बघता म्हणाले, "वृंदा, असं लिहिता येतं का, की खोटं काही नसेल, पण..."

वाक्य त्यांना पुरं करता आलं नाही. मला ते पुरं कळलं होतं.

मी दोन दुपारी बसले. ते लिहिताना मला आनंद झाला, हे मान्य करायला मला माझं अर्धं आयुष्य लागलं. काकांचं मरण बाजूला कुठेतरी होतं. माझ्यासमोर एक अवघड गणित होतं आणि ते सुटत होतं. भिंतीवर पाटी होती की नाही? होती: टांगलेल्या वजनाखाली उभे राहू नये, हिंदीत आणि इंग्रजीत. मग ती पहिल्या परिच्छेदात. माणसांना सांभाळून काम करायला सांगितलं होतं का? सांगितलं होतं. ते दुसऱ्यात. मृत व्यक्ती वजनाच्या खाली उभी होती का? होती. हुकाबद्दल मी खोटं काहीच लिहिलं नाही, कारण हुकाबद्दल काहीच लिहिलं नाही. वीस मिनिटांचा प्रश्न उरला. मी लिहिलं, मृत्यू घटनास्थळीच झाला. तेही खरंच होतं; गाडी आली तेव्हा काका अजून त्याच जागी होते. 'लगेच' हा शब्द मी वापरला नाही. वाचणारा तो आपल्या मनाने घालणार हे मला माहीत होतं. आई बाजूला मेथी निवडत होती. "काय एवढं लिहितेस?" तिने विचारलं. मी म्हणाले, "बाबांचं काम." तिने जुडी बाजूला करून माझ्यासाठी उजेड केला.

अहवाल मंजूर झाला. बाबांची नोकरी राहिली. वरच्या तपासणीसाठी आलेल्या माणसाने तो वाचला, हुक तोवर नवा बसवलेला होता, आणि तो चहा पिऊन गेला, असं बाबांनी सांगितलं. मला वाटलं, झालं. तेराव्यानंतर चार-पाच दिवसांनी दुपारी दार वाजलं. गिरिजाकाकू होत्या आणि मागे मंगला. काकूंच्या हातात कारखान्याचा लिफाफा होता. त्यांचा आवाज ऐकताच बाबा आतल्या खोलीतून मागच्या दाराने बाहेर पडले. कडी वाजली ती मी ऐकली.

"बस गं गिरिजा," आई म्हणाली आणि पाणी आणलं.

"वृंदाकडे काम होतं," काकू म्हणाल्या. "कारखान्यातून हे आलंय. सही करून पाठवा म्हणतात. सगळं इंग्रजीत आहे. मी म्हटलं, आपली वृंदा असताना मी दुसऱ्या कुणाकडे कशाला जाऊ?"

लिफाफ्यात माझाच अहवाल होता, टाइप केलेला, खाली बाबांची सही. त्याच्यामागे आणखी एक कागद: अहवालातला निष्कर्ष मला मान्य आहे, कंपनीने माणुसकीच्या भावनेने दिलेली रक्कम मी स्वीकारते आहे, यापुढे माझी कसलीही मागणी वा तक्रार राहणार नाही. मी दोन्ही चाळले. मग मान वर करून मराठीत सांगायला लागले. सांगितलं की काम चालू असताना पत्रा सुटून अपघात झाला. कामगारांना सूचना दिलेल्या होत्या. कंपनीला दुःख आहे. कंपनी मदत देते आहे आणि ती मिळाल्याची पोच म्हणून सही हवी आहे.

"कुणाची चूक म्हणतात?" काकूंनी विचारलं.

"चूक असं कुणाचं नाव नाही घातलेलं, काकू."

त्यांनी पदराने तोंड पुसलं. "एक विचारू? त्यांना त्रास झाला का गं? लिहिलंय का त्यात?"

"जागीच गेले असं लिहिलंय," मी म्हणाले. "कळलंही नसेल त्यांना."

काकूंनी डोळे मिटून मान हलवली, दोनदा, तीनदा. आईने त्यांच्या पाठीवर हात ठेवला. तेव्हा मंगला पुढे सरकली. "ताई, यात हुकाचं काय लिहिलंय?"

"कुठल्या हुकाचं?"

"पप्पा सांगायचे ना घरी. हुकाची पट्टी तुटलीये, साहेब लोक बदलत नाहीत. रोज सांगायचे. ते लिहिलंय ना?"

मी म्हणाले, "लिहिलंय."

"दाखव ना."

तिच्या आवाजात संशय नव्हता. आपल्या वडिलांनी सांगितलेली गोष्ट छापील अक्षरात बघायची तिला हौस होती. मी कागदावर नजर फिरवली. दुसऱ्या पानावर, मजकुराच्या मध्ये, 'हिअरबाय', म्हणजे 'याद्वारे', असा शब्द होता. मी त्याच्यावर बोट ठेवलं. "हे बघ." मंगलाने वाकून बघितलं. इंग्रजी अक्षरं तिला येत होती, शब्द येत नव्हते. "एच," ती म्हणाली. "हो, हुकाचा एच." आणि काकूंकडे वळून म्हणाली, "आहे, मम्मी. लिहिलंय."

काकूंनी सही केली. मराठीत, एकेक अक्षर सुटं काढून, जीभ दातांत धरून. मी बोटाने जागा दाखवली होती. आईने त्यांना शेवयांची खीर दिली, मंगलासाठी डब्यात वेगळी दिली, आणि त्या गेल्या.

त्यानंतर मी कायदा शिकले. माझ्या धंद्यात तो शिकावाच लागतो. कामावर असताना माणूस गेला की, चूक कुणाचीही असो, भरपाई हा त्याच्या घरच्यांचा हक्कच असतो, आणि किती द्यायची ते कंपनी ठरवत नाही. काकू कामगार खात्याच्या कचेरीत जाऊन नुसत्या उभ्या राहिल्या असत्या तरी त्यांना कंपनीने दिलं त्याच्या कितीतरी पट मिळालं असतं. त्या दोन कागदांचा उपयोग एकच होता: त्यांना तिथे जावंसं वाटू नये. मला हे तेव्हा माहीत नव्हतं, असं मी बरीच वर्षं स्वतःला सांगत आले. कायदा माहीत नव्हता हे खरं आहे. 'हिअरबाय'चा अर्थ मात्र माहीत होता.

महिन्याभरात मॅनेजरसाहेबांनी बाबांकडून मला बोलावून घेतलं. केबिनमध्ये पंखा जोरात होता आणि कागदांवर वजन म्हणून एक नट ठेवलेला. "बिटिया, रिपोर्ट तुमने लिखी थी न?" ते हसत म्हणाले. "मालिक को दिखाई. कहते हैं, वकील भी ऐसा साफ़ नहीं लिखता." मालकांचे जावई मुंबईत एका मर्चंट बँकेत मोठ्या जागेवर होते. तेव्हा इन्व्हेस्टमेंट बँकेला आपल्याकडे मर्चंट बँक म्हणायचे. कंपन्यांना बाजारातून भांडवल उभं करून द्यायचं, एक कंपनी दुसरीला विकून द्यायची, असं तिथलं काम. त्यांना लिहिणारी माणसं हवी होती. माझं बी.कॉम. होताच मी गेले. आईने डब्यात पुरणपोळ्या आणि दशम्या दिल्या. बाबा स्टेशनवर आले, सामान चढवलं, आणि गाडी सुटायच्या आधीच निघून गेले.

मुंबईत मला जे काम दिलं ते मला आधीच येत होतं. शेअर विकणाऱ्या कंपनीची माहिती देणारं एक जाड पुस्तक असतं. गुंतवणारे ते वाचतात, म्हणजे वाचावं अशी अपेक्षा असते. त्यात सगळं खरं सांगावं लागतं. कुठलं खरं कितव्या पानावर आणि कुठल्या खऱ्याच्या शेजारी, हे ठरवणारं माणूस लागतं. बाकीच्यांना ते शिकायला दोन वर्षं लागत, मला दोन आठवडे लागले. माझी पहिली बढती झाली तेव्हा तिथले साहेब म्हणाले, हिच्याकडे उपजतच आहे. पुढे मी त्या बँकेची प्रमुख झाले. ऑफिसातली तरुण मुलं विचारायची, मॅडम, तुम्ही हे शिकलात कुठे? मी परदेशातल्या एका कोर्सचं नाव सांगायचे.

मुंबईला गेल्यानंतरच्या दुसऱ्या दिवाळीला मी घरी गेले. स्टेशनवर बाबा नव्हते. घरी आईने दार उघडलं, औक्षण केलं, जेवायला वाढलं. पाटवडीचा रस्सा होता. मी तिच्यासाठी आणलेली साडी पुढे केली, कोलार रोडवर नव्या कॉलनीत घर बघू या म्हणाले. मला आता कर्ज मिळू शकत होतं. तिने साडीला हात लावला नाही.

"जेव आधी," ती म्हणाली. मी जेवले. तिने ताट उचललं, धुतलं, पुसलं, फडताळात ठेवलं, आणि माझ्यासमोर येऊन बसली.

"मंगला आली होती," आई म्हणाली. "दिवाळीच्या सुट्टीआधी. अकरावीला आहे आता. त्या कागदांच्या प्रती आणि डिक्शनरी घेऊन बसली इथे, तू बसायचीस तिथेच. एकेक शब्द मला वाचून दाखवला. हुक शब्द कुठेच नाही."

मी साडीची घडी पुन्हा घातली.

"तुझ्या बाबांनी सांगितलं आणि तू लिहिलंस, ते मी समजू शकते. घरावर आली की माणूस काहीही करतो. पण गिरिजा तुझ्याकडे आली होती. माझ्यासमोर. मी पाणी दिलं, खीर दिली. सहीसाठी पेन शोधून मी दिलं." तिचा आवाज चढला नव्हता. "मी कुठल्या घराला येणार नाही, वृंदा. मी इथेच राहीन. तू येत जा, तुला करून घालीन, आईच आहे मी. पण तू मिळवलेल्यातलं मला नको."

तिने ते आयुष्यभर पाळलं. पुढे मी काय काय पाठवलं, ती ते न उघडता ठेवून द्यायची. ती गेली त्याच दोन खोल्यांतून.

संध्याकाळी बाबा मागच्या दाराबाहेर भिंतीला टेकून बसले होते. मी शेजारी बसले. कारखाना त्यांनी सोडला होता, तेही मला आईच्या पत्रातून कळलं नव्हतं. एका हार्डवेअरच्या दुकानात बसत होते. त्यांच्या हातांवर आता तेल नव्हतं आणि ते हात मला अनोळखी वाटले.

"सुखदेवच्या गल्लीतून जाता येत नाही मला," बाबा म्हणाले. "लांबून वळसा घालून जातो." मग म्हणाले, "तुला एक सांगितलं नव्हतं मी. सुखदेव बोलत होता. त्या वीस मिनिटांत. एकच बोलत होता, गिरिजेला बोलवा. मी कारखान्यातल्या एका पोराला सायकल घेऊन पाठवत होतो. साहेबांनी अडवलं, म्हणाले, बाई गेटवर आली की गर्दी जमेल, आधी गाडी येऊ द्या. मी थांबलो." मालगाडी आली. ती पूर्ण गेली. "तो मला भाऊ म्हणायचा. भाऊ, गिरिजेला बोलवा, म्हणत होता. आणि मी थांबलो."

दुसऱ्या दिवशी सकाळी मी गिरिजाकाकूंकडे गेले. काय बोलायचं ते मी रात्री ठरवलं होतं, वाक्यं जुळवली होती, आणि दारात उभी राहिल्यावर ती वाक्यं किती चांगली जुळली आहेत ते जाणवून मला स्वतःची किळस आली. काकू अरेरा कॉलनीतल्या एका हॉस्टेलमध्ये पोळ्या लाटायला जायच्या. निघायच्याच तयारीत होत्या. मला बघून त्यांनी पिशवी खाली ठेवली. आत ये म्हणाल्या नाहीत, जा असंही म्हणाल्या नाहीत.

"काकू, मी चुकीचं वाचून दाखवलं," मी म्हणाले.

"माहीत आहे. मंगलाने सांगितलं."

"पैशांचं मी वकिलाशी बोलते. अजूनही..."

"ते राहू दे," काकू म्हणाल्या. "वकिलाकडे मंगला जाणार आहे. ती जाईल. तू नको जाऊस."

मी निघायला हवं होतं. पण बाबांनी सांगितलेलं माझ्याजवळ होतं आणि ते माझं नव्हतं. ते त्यांचं होतं. तरी सांगावं की नाही हे मला आजही नक्की ठरवता येत नाही. जागीच गेले, एवढा एक दिलासा त्यांच्याकडे उरला होता, आणि तोही मीच दिलेला.

"काकू, ते जागीच गेले नाहीत," मी म्हणाले. "वीस मिनिटं होते. बोलत होते. तुम्हाला बोलवा म्हणत होते."

त्या दाराच्या चौकटीला धरून उभ्या होत्या. गल्लीत कुणीतरी फटाके उडवत होतं, त्याचा धूर आमच्या अंगावरून गेला. काकू माझ्याकडे बघत नव्हत्या. त्या गल्लीच्या तोंडाकडे बघत होत्या, जिथून रेल्वेच्या फाटकाकडे आणि पुढे कारखान्याकडे रस्ता जातो.

"वीस मिनिटं," त्या म्हणाल्या.

"हो."

"मी घरीच होते. त्या दिवशी गहू निवडत होते. सायकलवर पोरगा आला असता तर पाच मिनिटं. त्याच्यामागे बसून मी गेले असते तर आणखी पाच." त्यांनी बोटांवर हिशेब केला, आणि पुन्हा एकदा केला. "फाटक बंद असतं तर खालून वाकून गेले असते. पोचले असते मी."

मग त्यांनी पिशवी उचलली, दाराला कुलूप घातलं, ओढून बघितलं, आणि माझ्या शेजारून निघून गेल्या. हॉस्टेलची वेळ झाली होती.